तिसरी वही

"मी 'बघते' म्हटलं की बघतच असते, वायरमन. तोंडाला चाळा म्हणून म्हणत नाही."

बाईंनी हे ऐकवलं तेव्हा मी टेलिफोन बोर्डाच्या मागे उताणा पडलो होतो आणि माझ्या दातांत दोन स्क्रू होते. ते दातांत धरण्याआधी खोडी मीच काढली होती. म्हटलं होतं, बाई, कुठल्याही ऑफिसात 'बघतो' म्हणजे 'विसरा'. तुम्ही दिवसातून दोनशे माणसांना 'बघते' म्हणता, त्या बिचाऱ्यांचं कसं व्हायचं? बाईंनी उत्तर दिलं आणि लगेच पुढचा फोन घेतला. "हॉस्पिटल. बोला." मग, "थांबा हं, बघते." मग पानं उलटल्याचा आवाज. मला खालून फक्त त्यांची पावलं दिसत होती. टाचा जमिनीपासून बोटभर सुटल्या होत्या. शोधताना बाईंच्या टाचा उचलल्या जायच्या, नाव एखाद्या उंच फळीवर ठेवलेलं असावं तशा.

सगळं हॉस्पिटल त्यांना बोर्डबाई म्हणायचं. त्यांची खोली मुख्य जिन्याखाली होती. छप्पर जिन्याबरोबर उतरत आलेलं, त्यामुळे दार बुटकं. बाई स्वतः एवढ्याशा होत्या, त्यांना वाकावं लागत नसे, पण बाकी कोणीही आलं तरी, मोठा डॉक्टर असो की शिपाई, त्यांच्यापुढे मान खाली घालूनच यायचा. बाईंना याची गंमत वाटायची. आत लाकडी बोर्ड, त्यावर छिद्रांच्या रांगा, लोंबणाऱ्या दोऱ्या, फोन आला की पेटणारे वाटाण्याएवढे दिवे. दुपारी बोर्ड तापला की धूळ आणि रबर भाजल्याचा वास सुटायचा. एक पाण्याचा ग्लास, वर बशी झाकलेली. एका खिडकीतून धुलाईघर दिसायचं आणि तिथल्या चादरी दिवसभर पांढऱ्याच्या पांढऱ्या वाळत असायच्या. तापलेल्या बोर्डाचा तो वास आता कुठेच येत नाही. मी पुष्कळ यंत्रं उघडली त्यानंतर. नवी यंत्रं तापतात, पण वास देत नाहीत.

बाईंचा आवाज गोड नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तो गोड करण्यात आला. जाडसर होता, कडेला खरखर असलेला, न धुतलेल्या कोऱ्या कापडासारखा. पण एकदा ऐकला की विसरायचा नाही. एकदा बाजारात त्यांनी काकड्यांचा भाव विचारला, तर भाजीवाला वजन करता करता थांबला. म्हणाला, "तुम्ही हॉस्पिटलातल्या ना? मला मुलगी झाली हे तुम्ही सांगितलंत." बाई म्हणाल्या, "कितवीला आहे आता?" तो म्हणाला, "लग्न झालं तिचं." दोघं थोडा वेळ काकड्यांकडे बघत राहिले.

घरी मात्र त्या फार बोलत नसत. त्यांची जाऊ टोमणा मारायची, "आमच्या जाऊबाईंचं तोंड सरकारी आहे, ड्यूटी संपली की बंद." नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, बायकोशी बोलायचं तर मला फोनच करावा लागतो. आणि करायचाही. दुकानातून हॉस्पिटलला फोन लावायचा, आवाज बदलायचा आणि एखादं अचाट नाव सांगून विचारायचा, हे गृहस्थ दाखल आहेत का? बाईंना पहिल्या अक्षरालाच कळायचं. तरी त्या म्हणायच्या, "थांबा हं, बघते," आणि खरोखर वही उघडायच्या. पानं उलटायच्या. मग म्हणायच्या, "असं कुणी नाही. येताना अंगाचा साबण आणा."

मी विचारलं, "माहीत होतं तर बघितलं कशाला?"

"एखादे वेळी असायचा सुद्धा त्या नावाचा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय माहीत?"

पुढे बोर्डाला एक नवीन बटण आलं. ते दाबलं की थांबलेल्या माणसाला संगीत ऐकू यायचं. मीच बसवलं होतं, मोठ्या कौतुकानं. बाईंनी ते जन्मात दाबलं नाही. "माणसाचा जीव टांगणीला लागलेला, आणि आपण त्याला गाणं लावून द्यायचं?" त्या रिसीव्हर वहीशेजारी टेबलावर उताणा ठेवायच्या. पलीकडच्याला पंखा ऐकू यायचा, पानं ऐकू यायची, बाईंचं नाव पुटपुटणं ऐकू यायचं. आपल्यासाठी कुणीतरी शोधतंय, हे त्याला कानांनी दिसायचं.

वह्या तीन होत्या. पहिली दाखल रुग्णांची, जाड, दोन्ही हातांनी उघडायची. दुसरी अपघात विभागाची, ओल्या हातांनी हाताळून कोपरे वळलेली. तिसरी अनोळखींची. शुद्धीवर नसलेली, नावगाव सांगायला बरोबर कुणी नसलेली माणसं या वहीत असत. नावाच्या जागी बाई लिहायच्या : हिरवा शर्ट, वय अंदाजे चाळीस, डाव्या भुवईवर जुना व्रण, वॉर्ड सहा. ही वही पातळ होती, पाठीला कापड लावलेलं. तिचं पुठ्ठ्याचं वेष्टन पहिल्या पानाला चिकटून बसायचं आणि उघडताना बारीक चर्र असा आवाज यायचा. मी त्या खोलीत डोळे मिटून काम करत असलो तरी कुठली वही उघडली ते सांगू शकलो असतो.

'बघते म्हटलं की बघतच असते' हे बाई मला म्हणाल्या, त्याच्या आधीची एक दुपार आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

दोन वाजता पाळी बदलायची. दोनला पाच मिनिटं होती, पाळीवर येणारी दुसरी ऑपरेटर पिशवी घेऊन दारात उभी होती आणि बाईंनी तिसरी वही खणात ठेवून दिली होती. फोन आला. एका माणसाचा धाकटा भाऊ आदल्या दिवसापासून घरी आला नव्हता. बाईंनी पहिली वही बघितली, दुसरी बघितली. म्हणाल्या, "नाही." त्यानं विचारलं, "नक्की?" बाई म्हणाल्या, "बघितलं ना मी. नाही." आणि पाळी संपवून घरी गेल्या.

धाकटा चार नंबरच्या वॉर्डात होता. निळ्या पट्ट्यांचा शर्ट, वय अंदाजे तीस.

थोरल्यानं दोन दिवस बाकी सगळीकडे शोधलं. हॉस्पिटल सोडून, कारण तिथे नाही हे त्याला कळलेलं होतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हटलं म्हणून आला, तोवर त्या सकाळीच खाट रिकामी झालेली. कागदपत्रं उरकून तो जिन्याखालच्या खोलीशी आला. मी तिथेच होतो, फ्यूज बदलत होतो. उंच माणूस होता. दारात मान खाली घालून वाकला आणि बाईंचं "हॉस्पिटल, बोला" संपेपर्यंत तसाच वाकून उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्हीच का. आवाज ओळखला." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं बाई एकदा म्हणाल्या. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पण त्या दिवसापासून तिसरी वही खणात गेली नाही. ती वर, हाताशी असायची, आणि 'नाही' म्हणण्याआधी बाई विचारायच्या, "अंगात शर्ट कुठला होता?"

बोर्ड काढला तो मीच. त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि पुढच्या वर्षी मी. जुन्या वह्या रद्दीत चालल्या होत्या. तिन्ही प्रकारांतली एक एक मी विचारून घेतली आणि बाईंच्या घरी पोचवली. नवरा तोवर गेला होता. घड्याळं भिंतीवर होती, पण त्यांना किल्ली द्यायचं बाईंच्या मनात येत नसे. मी महिन्यातून एकदा जायचो. बाई चहा करायच्या आणि आम्ही बोर्डाबद्दल बोलायचो, दुसरी माणसं मुलाबाळांबद्दल बोलतात तसं.

हॉस्पिटलचा फोन मग बटणांवर गेला. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. बाईंची जाऊ तिथे दाखल झाली तेव्हा बाईंनी फोन लावला होता. मला म्हणाल्या, "नऊपर्यंत दाबलं. दहावं बटण असतं तर देवच भेटला असता."

म्हणून ती इंजिनिअर मुलगी आली तेव्हा बाईंनी लगेच हो म्हटलं. मुलगी पंचविशीची, पाठीला पिशवी, भराभर बोलणारी. हॉस्पिटलच्या चौकशीचे फोन आता कॉम्प्युटर घेणार होता. बटणं नाहीत, माणसाशी बोलावं तसं बोलायचं आणि तो तसंच उत्तर देणार. फक्त आवाज माणसाचा हवा होता आणि हॉस्पिटलातल्या जुन्या लोकांनी तिला बाईंचं नाव सांगितलं होतं.

"आजी, तुमचा आवाज शंभर लोकांशी एका वेळी बोलेल," ती म्हणाली.

"मावशी म्हण. शंभरांशी एका वेळी बोलायला मी काय वेडी आहे? पण बटणं जाणार ना?"

"जाणार."

"मग चल."

रेकॉर्डिंगसाठी हॉस्पिटलातलीच एक जुनी चादरींची खोली घेतली होती. भिंतींना गाद्या उभ्या केलेल्या, मधे मायक्रोफोन, पलीकडे काचेमागे ती मुलगी. अकरा दिवस काम चाललं. वायरमन बरोबर असतील तरच येईन, अशी बाईंची अट होती, त्यामुळे मी कोपऱ्यात स्टुलावर. बाई कागदावरची वाक्यं वाचायच्या, हजारो. आनंदात, काळजीत, घाईत, प्रश्न विचारताना. मधून मधून मुलगी म्हणायची, "मावशी, आता नुसता श्वास घ्या. आता 'हं'. आता घसा साफ करा."

"हे सगळं मी तीस वर्षं फुकट केलं," बाई म्हणायच्या.

"तुमचा आवाज थोडा तरुण करू का? खरखर कमी करते."

"कर बाई. गुडघ्यांचंही जमलं तर बघ."

मुलगी खूप हसली. दोघींचं जमलं होतं. बाई डब्यातलं तिला अर्धं द्यायच्या आणि ती बाईंना समजावून सांगायची, बोलणं जिवंत कशानं वाटतं. समोरचा थांबला की पाव सेकंदात आपण तोंड उघडलं पाहिजे. त्याला मधेच बोलायचं असेल तर आपल्याला गप्प बसता आलं पाहिजे. बाई मान डोलवायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं. त्या दिवसांत मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीची ती पाळीच्या सुरुवातीची टवटवी पाहिली. सकाळी मी जायच्या आत त्या चपला घालून तयार असायच्या.

दुसऱ्या आठवड्यात अडचण आली. नमुन्याच्या फोनवर सगळं छान चालायचं, पण कॉम्प्युटर नाव शोधायला गेला की दोन-तीन सेकंद शांतता पडायची आणि लोक "हॅलो? हॅलो?" करायला लागायचे. संगीत लावून बघितलं, ते वाईट वाटत होतं. मुलगी डोकं धरून बसली.

अक्कल माझी. मी म्हणालो, "बाईंच्या वह्या वाजवा की."

तिला ते इतकं आवडलं की तिनं मला मिठी मारायची बाकी ठेवली. त्याच दुपारी मी बाईंच्या घरून तिन्ही वह्या आणल्या. बाई मायक्रोफोनसमोर बसल्या, वह्या मांडीवर घेतल्या आणि म्हणाल्या, "थांबा हं, बघते." पहिली उघडली. दुसरी उघडली. तिसरी उघडली, चर्र. गाद्यांच्या त्या खोलीत जिन्याखालची खोली उतरली. मी खाली बघितलं. टाचा उचललेल्या होत्या. मुलगी काचेमागून अंगठा दाखवत होती आणि मला उगीचच डोळे पुसावे लागले.

शेवटचा दिवस शुक्रवार. सोमवारी उद्घाटन. एकच वाक्य उरलं होतं, संमतीचं. ते कागदावर सही करून चालत नव्हतं, स्वतःच्या आवाजात म्हणावं लागायचं : हा आवाज माझा आहे आणि हॉस्पिटलच्या वतीनं तो बोलेल, याला माझी संमती आहे. ते रेकॉर्ड झाल्याशिवाय अकरा दिवसांतलं एक अक्षरही खऱ्या फोनांवर वापरायला बंदी होती.

बाई म्हणाल्या, "त्याच्या आधी मला एक फोन करू दे. आयुष्यात मी कधी स्वतःला फोन केला नाही."

मुलीनं फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"हॉस्पिटल. बोला."

मी दचकलो. बाईच होत्या. खरखर जराशी पुसलेली, वीस वर्षं मागे गेलेल्या, पण बाईच.

बाईंनी एक नाव सांगितलं. मला ते नाव ठाऊक होतं. ज्या दिवशी चार नंबरच्या वॉर्डातली ती खाट रिकामी झाली, त्या दिवशी थोरल्याच्या हातातल्या कागदावर मी धाकट्याचं ते नाव वाचलं होतं.

"थांबा हं, बघते," फोन म्हणाला. जाड वही उघडली. पानं. कोपरे वळलेली वही उघडली. पानं. मग चर्र. मग दोन पातळ पानं, सावकाश.

"नाही. या नावाचं कुणी दाखल नाही."

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"हो, नीट बघितलं. नाही."

बाईंनी फोन बंद केला. मुलगी आनंदानं आमच्याकडे बघत होती. बाई म्हणाल्या, "तिसऱ्या वहीत काय होतं?"

"म्हणजे?"

"शेवटी तिसरी वही उघडली ना त्यानं. अनोळखींची. तिच्यात काय बघितलं?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. वह्या तिला नुसत्या वह्या होत्या. कुठली कशाची, हे तिनं विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं. "मावशी, तो फक्त आवाज आहे. उत्तर आता पाव सेकंदात येतं, ती अडचण परवाच मिटली. पण आम्ही पानं ठेवली. कारण 'नाही' असं पटकन आलं तर लोकांना पटत नाही, पुन्हा पुन्हा फोन करतात. एक वही वाजवली तर निम्मे करतात. तिन्ही वाजवल्या तर परत फोनच येत नाही. नमुन्याच्या फोनांवर मोजलंय आम्ही."

"परत फोनच येत नाही," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि अनोळखी कुठे असतात आता?"

"वॉर्डातल्या कागदांवर. ते कॉम्प्युटरमध्ये अजून नाहीत. पुढच्या टप्प्यात घेणार आहेत."

"तोवर तिसरी वही वाजवू नको. आणि शर्ट कुठला होता ते विचारायला लाव. वॉर्डात माणूस पाठव म्हणावं."

मग बाईंनी तिला सांगितलं. ती दुपार, खण, निळे पट्टे, दारात वाकलेला माणूस. चार वाक्यांत. मुलीचा चेहरा उतरला. ती वाईट नव्हती, हे मला लिहून ठेवायचं आहे. ती बाहेर जाऊन तिच्या साहेबांशी बोलली, बराच वेळ. गाद्यांमुळे आम्हाला काही ऐकू आलं नाही. काचेतून फक्त तिचा हात हलताना दिसत होता. परत आली तेव्हा तिनं बाईंकडे न बघता सांगितलं, "सोमवार ठरलेला आहे म्हणतात. आत्ता काही बदलायचं नाही. नंतर बघू, म्हणाले."

पानं वाजवायची कल्पना माझी होती.

बाईंनी टेबलावरची तिसरी वही मांडीवर घेतली. अकरा दिवस त्यांच्यासमोर होते. भाजीवाल्याची मुलगी होती, नवऱ्याचे ते खोटे आवाज होते आणि बटणं जाणार होती. या शहरात पुन्हा कुणीतरी त्यांचं "बोला" ऐकणार होतं, त्या स्वतः गेल्यावरही. हे सगळं त्यांना हवं होतं. किती हवं होतं ते मला माहीत आहे, कारण परत येताना वाटेत त्या रोज मला विचारायच्या, "लोकांना ओळखू येईल का हो?"

मुलगी काचेमागे गेली. मायक्रोफोनवरचा लाल दिवा लागला.

"मावशी, एकच वाक्य. तुमची तयारी झाली की."

बाई पुढे सरकल्या. श्वास घेतलेला मला ऐकू आला. ओठ उघडले, मिटले. मग त्यांनी मांडीवरची तिसरी वही उचलली आणि मायक्रोफोनसमोर उघडली. चर्र. पहिलं पान त्यांनी तळहातानं सपाट केलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात शर्टांचे रंग होते. वही तशीच उघडी ठेवून त्या उठल्या, चपला घातल्या. मुलीनं काचेवर हलकेच टकटक केली. दिवा लालच होता.

दार चांगलं उंच होतं. तरी बाईंनी मान खाली घातली, वाकल्या, आणि बाहेर पडल्या.